देवराई बघायला जाताना: काय पाहावं, कसं वागावं, आणि जीर्णोद्धाराचा प्रश्न

सातवीण

गडकिल्ल्यांवर इथे भरपूर धागे आहेत, पण गडाच्या पायथ्याशी असलेल्या देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, थोडं थांबून बघणारे कमी दिसतात. म्हणून हा धागा.

मागच्या आठवड्यात भोरच्या पुढे एका खोऱ्यातली छोटी राई पाहून आले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुकडा जेमतेम तीन-चार एकरांचा. भोवती भातखाचरं, वर दर उन्हाळ्यात वणव्याने काळा पडणारा बोडका डोंगर, आणि मध्येच ही गच्च हिरवी राई. बाहेर उन्हाने डोकं तापलेलं असताना आत दहा पावलं गेलं की हवाच बदलते. माती कुठे दिसत नाही, घोटाभर पाचोळा आहे. हिरडा, जांभूळ, पारजांभूळ, अंजनी, आणि मधूनमधून भेर्ली माडाचे सरळ उंच सोट. गारंबीची एक वेल तर माणसाच्या कमरेएवढी जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर गेलेली. तिचं मूळ कुठलं आणि टोक कुठलं ते शोधता शोधता मान दुखून आली.

देव म्हणजे शेंदूर फासलेला एक तांदळा, बिनमूर्तीचा दगड. शेजारी दोन वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मरणाचे दगड, एक अर्धा मातीत.

पण मला सगळ्यात मोठी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. आत आंब्याचं एक प्रचंड खोड आडवं पडलंय. केव्हातरी वादळात पडलं असणार. त्यावर शेवाळ आहे, अळंबी आहेत, एका खोबणीत जांभळाचं रोप उगवलंय. ज्या गावात अजून चुलीला लाकूड लागतं, त्या गावाने हे खोड जागचं हलवलेलं नाही. पडलेली काडीसुद्धा घरी न्यायची नाही, हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेलाय. झाडं न तोडण्यापेक्षाही मला हे अवघड वाटतं, कारण वाळलेलं लाकूड उचलण्यात चूक काय, असं कुणालाही वाटेल.

आणि राईच्या तोंडाशीच वाळू, खडी आणि पेव्हर ब्लॉकचा ढीग पडलाय. देवळाचा जीर्णोद्धार व्हायचाय. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, देवराईत गेल्यावर तुम्ही नेमकं काय बघता? दुसरी, जीर्णोद्धाराबद्दल तुमच्या भागातले अनुभव काय?

---

सह्यभटक्या

छान धागा. भीमाशंकरच्या बाजूला आहुप्याची राई पाहिली आहे. शेकरूचं घरटं पहिल्यांदा तिथेच दिसलं, उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्यापानांचा मोठा गोळा. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, हे नंतर कळलं.

एक शंका. "ही राई पाचशे वर्षांची, हे झाड हजार वर्षांचं" असं गावोगाव ऐकायला मिळतं. ते खरं कसं धरायचं? बघून वय ओळखता येतं का?

---

वनस्पतीवेडा

सह्यभटक्या, चांगला प्रश्न.

एकट्या झाडाचं वय घेरावरून सांगायला जाऊ नये. थंड प्रदेशातल्या झाडांत दरवर्षी एक स्पष्ट वलय पडतं. आपल्याकडे सागात वलयं बरी दिसतात, पण जांभूळ, अंजनी अशा सदाहरित झाडांत त्यांचा भरवसा नाही. शिवाय जुनी झाडं आतून पोकळ झालेली असतात, म्हणजे सर्वांत जुना गाभाच नाहीसा झालेला असतो. अंजनी इतकी सावकाश वाढते की मांडीएवढं खोड बघून तुम्ही तिला तरुण समजाल, आणि ते झाड तुमच्या पणजोबांच्याही आधीचं असू शकेल. तरी घेर मोजून ठेवाच. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण १.३७ मीटरवर टेप धरायचा. दहा वर्षांनी कुणी पुन्हा मोजलं तर त्या नोंदीला किंमत येते.

संपूर्ण रान जुनं आहे का, हे मात्र बघून पुष्कळ कळतं. मी गेल्यावर आधी वेली बघतो. गारंबीसारखी महावेल कमरेएवढी जाड व्हायला जो काळ लागतो, तेवढ्या काळात तिला आधार देणारी झाडं कुणी तोडलेली नाहीत, एवढा अर्थ त्यातून नक्की निघतो. दोन वेळा कुऱ्हाड फिरलेल्या जंगलात अशा वेली टिकत नाहीत. मग खोडाच्या बुंध्याशी फळ्यांसारखी पसरलेली आधारमुळं. मग एकाच जातीची सगळ्या वयांची झाडं आहेत का ते: वर म्हातारा वृक्ष, मध्ये मनगटाएवढी पोरं, खाली दोन पानांची रोपं. नुसती मोठमोठी झाडं आणि खाली झाडून लख्ख केलेली जमीन असेल, तर ती राई आज कितीही सुंदर दिसो, तिला पुढची पिढीच नाही.

आणि सातवीण यांनी लिहिलेलं ते पडलेलं खोड! अभ्यासाच्या दृष्टीने तोच राईतला सर्वांत दाट वस्तीचा भाग. अळंबी, भुंग्यांच्या अळ्या, विंचू, गोम, आणि त्याखालच्या ओल्या मातीत नशीब असेल तर देवगांडूळ. ते गांडूळ नाही आणि सापही नाही, बेडकांच्या गोतावळ्यातला बिनपायाचा उभयचर आहे. ओलावा गेला की तो गेला.

देवरायांचा शास्त्रीय अभ्यास आपल्याकडे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात नेटाने केला. सह्याद्रीतलं मूळचं जंगल कसं होतं, हे बघायचं तर या लहान लहान तुकड्यांकडेच जावं लागतं, हे त्यांच्या कामामुळे ठळक झालं. त्यांच्या आधी १८९७ साली डीट्रिश ब्रँडिस या वनाधिकाऱ्यानेही भारतभरच्या देवरायांची दखल घेतली होती.

---

तळकोकणी

आमच्या सिंधुदुर्गात देवरहाटी म्हणतत. आजी सांगायची, "देवाचा असा ता देवाक रवांदे." तेवढाच. काडी मोडूक गावाची नाय.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो: देवाचं आहे ते देवालाच राहू दे, काडीही मोडायची नाही. आमच्याकडे रहाटीतलं एखादं झाड देवळाच्या कामासाठी पाडायचं झालं, तरी आधी देवाला कौल लावतात. गुरव पाषाणाला कळे लावतो, गाऱ्हाणं घालतो, उजवा कळा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. नकार आला की विषय संपला. कितीतरी झाडं अशी वाचली आहेत. सातेरी देवी तर कित्येक ठिकाणी चक्क वारूळ आहे, त्यावर छप्पर घातलं तरी वारुळाला हात लावत नाहीत.

दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे भालांदेश्वराची राई आहे. तिथे रानजायफळाची दलदल सापडली. बारमाही पाण्यात उभी झाडं, चिखलातून वर आलेली गुडघ्यांसारखी वाकलेली मुळं. असं जंगल केरळ-कर्नाटकात असतं हे माहीत होतं, महाराष्ट्रात पहिल्यांदाच नोंद झाली. जेमतेम अडीच हेक्टर. २०२१ साली राज्य सरकारने त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. आता विचार करा, देवाचं म्हणून ते राखलं नसतं तर काजू-रबराच्या लागवडीत ते कधीच गेलं असतं, आणि तिथे काय होतं हे कुणाला कळलंही नसतं.

---

मृण्मयी_क

वाचूनच जावंसं वाटतंय. मुलीला घेऊन जायचा विचार आहे (वय ९). पण थोडी धाकधूक आहे. बायकांना आत येऊ देतात का? कपडे, चपला यांचे काही नियम? आणि कोणत्या महिन्यात जावं?

---

सातवीण

मृण्मयी, सरसकट उत्तर नाही गं. काही रायांत बायकांनी जाऊ नये अशी रीत आहे, काही ठिकाणी ठरावीक दिवशी कुणीच जात नाही, पुष्कळ ठिकाणी काहीच अडकाठी नसते. मला स्वतःला बंदी पटत नाही, पण पाहुणी म्हणून गेलेली असताना दारात वाद घालत नाही. गावात शिरल्यावर आधी गुरव किंवा जाणतं माणूस गाठायचं, "राई बघायला आलोय, जाऊ का?" असं विचारायचं. बहुतेक वेळा कुणीतरी सोबतच येतं, आणि मग झाडांची गावातली नावं, कुठलं पान कशावर चालतं, कुठे पूर्वी वाघरू दिसायचं, सगळं कानावर पडतं. माझं निम्मं देवराईचं ज्ञान असंच आलेलं आहे.

चपला बहुतेक ठिकाणी बाहेर. पाचोळ्यात अनवाणी चालताना जरा बघून पाऊल टाकायचं, पायवाट सोडायची नाही, खोडाच्या फटीत किंवा दगडाखाली हात घालायचा नाही. मुलीला हे आधीच सांगून ठेव.

महिन्याचं म्हणशील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये अंजनी फुलते. फांद्यांनाच चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात, नऊ वर्षांच्या मुलीला ते नक्की आवडेल. कोकणात त्याच सुमाराला सुरंगीचा वास असतो. मे-जूनला पाऊस तोंडावर आला की काजवे. पावसात अळंबी आणि बेडूक, पण पाय घसरतात आणि दक्षिणेकडच्या रानांत जळवा असतात.

आणि आत गेल्यावर चालत राहू नका. एका जागी बसा. तुमच्या येण्याने गप्प झालेलं रान पुन्हा बोलायला लागतं, त्याला थोडा वेळ लागतो. मुलीला एकच काम दे: एका हातभर जागेत किती तऱ्हेची रोपं उगवली आहेत ते मोजायचं. उपटायचं मात्र काही नाही, गारंबीची बीसुद्धा खिशात घालायची नाही. मीटरभराची ती शेंग आणि चकतीसारख्या गुळगुळीत बिया बघून मोह होतो, मुलांना तर होतोच.

---

कवडी

भेर्ली माडाबद्दल थोडं लिहिते. मावळातल्या आजिवलीच्या राईत हे माड खूप आहेत, देवी वाघजाई. गावातले लोक माडाचा रस काढतात, म्हणजे राईतून उत्पन्न घेतात आणि राई राखतातही. "कशालाही हात लावायचा नाही" हा एकच नमुना नसतो, एवढंच सांगायचंय. नियम गावाने ठरवलेला असतो आणि गाव तो पाळतं.

या माडाचं आयुष्य बघण्यासारखं असतं. वर्षानुवर्षं नुसता वाढतो, मग शेंड्याकडून फुलायला लागतो, एकेक तुरा खाली खाली येत जातो, आणि शेवटचा तुरा संपला की झाड मरतं. फळं उदमांजर खातं आणि बिया रानभर टाकतं. त्यामुळे माडाखाली उदमांजराची विष्ठा दिसली तर तोंड फिरवू नका, त्यात पुढची झाडं असतात.

---

गुरवाचा नातू

सगळे प्रतिसाद वाचले. थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका.

आमच्या गावच्या राईतलं देऊळ मातीच्या भिंतीचं होतं. दरवर्षी पावसात गळायचं. आजोबा भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन दिवा लावायला जायचे. दोन वर्षांपूर्वी गावाने वर्गणी काढली, मुंबईकर चाकरमान्यांनी मोठी रक्कम दिली, रीतसर देवाला विचारलं आणि आरसीसीचं देऊळ बांधलं. पाच झाडं गेली. आज म्हातारी माणसं आत बसून भजन करू शकतात.

शहरातून येणारे फोटो काढतात आणि "अरेरे, किती छान होतं, सिमेंट केलं" म्हणून हळहळतात. राई आम्ही राखली. आमच्या बापजाद्यांनी थंडीत कुडकुडत राहून देवाचं लाकूड चुलीत घातलं नाही. आमच्या देवाचं घर पक्कं असू नये का?

---

सह्यभटक्या

दादा, तुमचं म्हणणं डावलण्यासारखं नाही. बाहेरच्याने शिकवायला जाऊ नये हे मान्य.

---

सातवीण

गुरवाचा नातू, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. राग कसला? राई तुमची आहे, आणि ती आजवर दिसतेय ती तुमच्या आजोबांमुळेच. गळकं देऊळ तसंच ठेवा असं मी कधीच म्हणणार नाही.

मला वाटतं ते असं. आजोबांच्या काळात राईला धोका होता तो बाहेर काहीतरी नेण्याचा. लाकूड, पाला, मध. त्यावर नियम होता आणि तो पुरला. आता धोका आत काहीतरी आणण्याचा आहे, आणि त्यावर जुना नियम नाहीच, कारण तेव्हा कुणाकडे पेव्हर ब्लॉक नव्हते. पाच झाडं गेली याचं मला जितकं वाटतं, त्यापेक्षा जास्त त्यानंतर जे होतं त्याचं वाटतं. देवळाभोवती फरशी येते. फरशीवर पाचोळा घाण दिसतो, म्हणून रोज झाडलोट होते. झाडाच्या बुंध्याला पार बांधून सिमेंट ओततात, मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि दहा-पंधरा वर्षांत झाड शेंड्याकडून वाळायला लागतं. मग ते "धोकादायक" म्हणून पाडतात. मोकळ्या जागेत ऊन येतं आणि उन्हाबरोबर रानमोडी आणि घाणेरी घुसतात. रात्रभर हॅलोजन लागतो. हे कुणी वाईट हेतूने करत नाही. सगळं भक्तीनेच होतं, म्हणून थांबवणं अवघड जातं.

सभामंडप राईच्या बाहेर, गावाच्या अंगाला बांधला आणि आत फक्त गाभारा जुन्या जोत्यावरच पक्का केला, तर म्हाताऱ्यांची सोय होईल आणि देव जागचा हलणार नाही. तुमच्याकडे आता काम झालंय, पण फरशी कुठवर न्यायची ते अजून तुमच्या हातात असेल, असं समजून लिहितेय.

---

चिरेबंदी

मी बांधकामातला माणूस आहे, दोन मुद्दे घालतो. अंगणाला काँक्रीट नको असेल तर कोरडी दगडी फरसबंदी करता येते, म्हणजे सिमेंटशिवाय, सांधे मोकळे ठेवून. पाणी मुरतं. मोठ्या झाडापासून फांद्यांचा घेर जिथवर जातो तिथवर तरी खणू नये. मुळं त्याहीपलीकडे गेलेली असतात, पण एवढं पाळलं तरी झाड वाचण्याची शक्यता बरीच वाढते. आणि वाळू-खडीचा ढीग बुंध्यापाशी टाकू नका. ट्रक राईत नेला की माती दाबली जाते आणि ती पुन्हा भुसभुशीत व्हायला वर्षं जातात. माल बाहेर उतरवून डोक्यावरून न्यायचा. मजुरी वाढते, पण राईतलं देऊळ लहानच असतं, परवडतं.

---

वनस्पतीवेडा

यात "स्वच्छता मोहीम" आणि "वृक्षारोपण" या दोन्हींची भर घालतो. प्लास्टिक, उदबत्तीचे पुडे, नारळाच्या पिशव्या जरूर उचला. पाचोळा उचलू नका. पावसाचा मारा तोच झेलतो, पाणी हळूहळू मुरतं, म्हणून तर राईच्या खालच्या अंगाचा झरा मार्च-एप्रिलपर्यंत टिकतो. राईत बाहेरची रोपं आणून लावू नका. गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ यांचं तिथे काही काम नाही. विरळ झालेल्या कडेला गुरं शिरणार नाहीत एवढं बघितलं, वणव्याआधी जाळपट्टा (आग अडवणारा मोकळा पट्टा) काढला, तर आतलीच झाडं स्वतः पुढे सरकतात. धनेश, उदमांजर, वटवाघळं बिया आणून टाकतातच.

धनेशाचं निघालंच आहे तर: कोकणातल्या रायांत जुन्या, पोकळ ढोल्यांच्या झाडांत तो घरटं करतो. मादी स्वतःला आत कोंडून ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त फट ठेवते, आणि कित्येक आठवडे नर बाहेरून फळं भरवतो. ढोली पडायला झाड म्हातारंच लागतं. नवीन लावलेल्या शंभर रोपांनी त्या एका म्हाताऱ्या झाडाची जागा भरून निघत नाही. जानेवारी ते मे या दिवसांत असं झाड दिसलं तर लांबूनच बघा. नराला माणसाची चाहूल लागली की तो ढोलीशी यायला कचरतो आणि आतली उपाशी राहतात.

---

सातबारा

कायद्याचं थोडं. राईची जमीन कुणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर बघा. कुठे देवस्थान असतं, कुठे सरकार, कुठे वनविभाग, कुठे खाजगी. गावाला वाटत असतं राई आपली आणि कागदावर वेगळंच निघतं, असं होतं. रस्ता किंवा प्रकल्प आला की मग धावपळ.

जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि लोकजैवविविधता नोंदवहीही. त्या वहीत राईची नोंद करून घ्या: सीमा, झाडं, झरा, चालत आलेले नियम. वारसा स्थळाची तरतूद याच कायद्याच्या कलम ३७ मध्ये आहे. वनजमीन असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्काचा दावा ग्रामसभा करू शकते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांबाबत, म्हणजे तिथल्या देवरायांबाबत, निकाल देताना त्यांचं सर्वेक्षण आणि नकाशे करायला सांगितलंय, आणि देशभरच्या देवरायांसाठी केंद्राने धोरण आखावं अशी शिफारसही केली आहे. ग्रामसभेत बोलताना हे उपयोगी पडतं.

---

मृण्मयी_क

गावाचं नाव न देण्याचं कारण आता लक्षात आलं. पण मग माझ्यासारखीने जायचं कुठे?

---

सातवीण

नाव दिलं की ठिकाण नकाशावर येतं, मग ड्रोन येतो, मग रविवारी वीस गाड्या. तीन-चार एकरांच्या राईला एवढी माणसं सोसत नाहीत. तुझ्या आजोळच्या गावापासून सुरुवात कर. आईला विचार, गावात देवाचं रान कुठे होतं. घाटावर आणि कोकणात बहुतेक गावांत उत्तर मिळतं. कधी शंभर झाडं असतील, कधी पाचच, तरी बघून ये.

---

गुरवाचा नातू

फरशीचं अजून ठरलेलं नाही. वर्गणीतली रक्कम उरली आहे आणि पोरं कुंडापर्यंत पेव्हर ब्लॉक म्हणताहेत. शिमग्याला सगळे गावात असतील, तेव्हा बैठक आहे. चिरेबंदी दादा, कोरड्या फरसबंदीचा अंदाजे खर्च आणि आमच्याकडचा काळा दगड चालेल का, ते इथेच लिहा. सातबाराही काढून बघतो. आजोबा सांगायचे त्याप्रमाणे राईची हद्द ओढ्याच्या पलीकडे होती. आता तिथे कुंपण दिसतं.

---

चिरेबंदी

काळा दगड चालेलच, तोच चांगला. पायवाट माणूसभर रुंदीची धरा, देवळापर्यंतच. कुंडापर्यंत नको, तिथली ओल तशीच राहू दे. लांबी किती फूट होते आणि दगड किती लांबून आणावा लागेल ते कळवा, म्हणजे हिशोब करून देतो.